काका, अस्सल काय ते तुम्ही दाखवलंत

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

आभार समोर बसून मानावेत हे खरं. पण तोंडावर कौतुक केलं की तुम्ही विषय बदलता आणि चहा टाकायला उठता, म्हणून हे जाहीर पत्र. शिवाय त्या एमजीबीसाठी, म्हणजे मी घेतलेल्या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारसाठी, तुम्ही जे केलंत ते फक्त माझ्यापाशी राहू नये असं मनापासून वाटतं. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या कुणाही मराठी माणसाच्या ते कामी येईल.

वाचणाऱ्यांसाठी थोडी हकीकत. मी इथे रेडिंगला राहते. ऑक्सफर्डशायरमधल्या एका गृहस्थांकडे १९६४ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची एमजीबी, विकायला होती. गडद हिरवा रंग, तारांची चाकं, आणि वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा ओव्हरड्राइव्ह. गृहस्थ भले होते. आधीच्या मालकाने जे सांगितलं तेच त्यांनी मला सांगितलं: सगळं ओरिजिनल आहे. किंमतही त्या हिशेबाने लावलेली. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी हे तुमच्या कानावर घातलं. काउलीच्या मोटार कारखान्यात उमेदीची वर्षं काढलेली तुम्ही. ताट हातात धरून तुम्ही एवढंच विचारलंत, "सगळं म्हणजे काय काय? एकेकाचं नाव घे."

पुढचं सगळं त्या एका प्रश्नातून निघालं.

घरी तुम्ही मला आधी ॲबिंग्डनचा एमजी कारखाना समजावून सांगितलात. एमजीबी तिथे १९६२ पासून १९८० पर्यंत बनली, पाच लाखांच्या वर. पण त्या कारखान्यात ना पत्रा दाबायची यंत्रं होती ना इंजिनं ओतायची भट्टी. बॉडी यायची स्विंडनहून, इंजिन कॉव्हेंट्रीहून, आणि ॲबिंग्डनची माणसं गाडी हाताने ढकलत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत जोडत जायची. सुरुवातीची मूळ किंमत ६९० पौंड, कर धरून साडेनऊशेच्या आसपास. त्यात काय मिळायचं आणि काय नाही, हे ऐकून मी थक्क झाले. तारांची चाकं जादा पैशांची, ओव्हरड्राइव्ह जादा पैशांचा, आणि इंग्लंडच्या थंडीत हीटरसुद्धा जादा पैशांचा! त्यामुळे एकाच आठवड्यात बाहेर पडलेल्या दोन गाड्या एकमेकींसारख्या नसणं हीच रीत. "दुसऱ्या गाडीला आहे, हिला नाही, म्हणजे ही खोटी" असं म्हणायची सोय नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत.

दुसरी गोष्ट तुम्ही जास्त गंभीरपणे सांगितलीत. १९८८ पासून एमजीबीची अख्खी नवी बॉडी मिळते, तीही जुन्याच साच्यांवर दाबलेली. म्हणजे जुनी पाटी, जुनं इंजिन आणि बाकी सगळा नवा पत्रा अशी गाडी रस्त्यावर असू शकते. त्यात गैर काही नाही. गंजून गेलेल्या कितीतरी गाड्या त्यामुळेच वाचल्या. पण घेणाऱ्याला ते ठाऊक हवं आणि कागदावर लिहिलेलं हवं. चासी नंबरची पाटी बॉनेटखाली असते आणि ती एका गाडीवरून काढून दुसरीवर लावता येते. म्हणून "नंबर जुळतात" एवढ्यावर तुम्ही थांबला नाहीत.

आपण गाडी बघायला गेलो तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. तुम्ही आधी फ्रिजवरचं लोहचुंबक खिशातून काढलंत, त्याला रुमाल गुंडाळलात आणि बॉनेटवर ठेवलंत. ते घसरून खाली आलं. मालक चपापले, त्यांना वाटलं खाली पुट्टी भरली आहे. तुम्ही हसून म्हणालात, "ॲल्युमिनियम आहे. तेव्हा बॉनेट ॲल्युमिनियमचंच असायचं." इतकी वर्षं गाडी सांभाळून त्यांना हे माहीत नव्हतं, आणि मला वाटतं त्या क्षणापासून ते आपल्या बाजूचे झाले. मग तेच चुंबक दरवाज्यांखालच्या पट्ट्यांवरून, चाकांच्या कमानींवरून, इंच इंच. दाराची मूठ तुम्ही ओढून बघितलीत. १९६५ च्या वसंतापर्यंतच्या रोडस्टरला बाहेर ओढायची मूठ असे, बटण दाबायची नंतर आली. इथे दोन्ही दारांना ओढायचीच.

मग इंजिन. ब्लॉकच्या उजव्या अंगाला रिव्हेटने मारलेली एक छोटी पट्टी. तुम्ही टॉर्च धरलात आणि मला वाचायला लावलंत: १८जीए-यू-एच, आणि पुढे आकडे. अठरा म्हणजे अठराशे सीसी, जी म्हणजे एमजी, ए म्हणजे त्या इंजिनाची दुसरी आवृत्ती, यू म्हणजे गिअरची दांडी मधोमध, एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन. "आता यात काय नाही ते सांग," तुम्ही म्हणालात. मला कुठून कळणार? तुम्हीच सांगितलंत. कारखान्यातून ओव्हरड्राइव्ह लावून निघालेल्या गाडीच्या इंजिन नंबरात 'यू'च्या आधी 'आर' असतो. इथे तो नव्हता.

काका, ही शिकवण मला फार मोलाची वाटते. डोळ्यांसमोर जे आहे ते कुणीही बघतो. असायला हवं होतं आणि नाही, ते बघायला आधी त्या वस्तूचं सगळं घराणं माहीत असावं लागतं.

पण पट्टी रिव्हेटवर असते, तीही हलवता येते. म्हणून तुम्ही गाडीच्या आत वाकून इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी पाहिलीत आणि तिच्या मागची केबल हाताने चाचपत इंजिनापर्यंत नेलीत. १९६४ च्या अखेरीस एमजीबीला तीनऐवजी पाच बेअरिंगचं इंजिन आलं आणि त्याच्याबरोबर ती तबकडी विजेवर चालायला लागली. तीन बेअरिंगच्या इंजिनाला मात्र केबल. पाच बेअरिंगचं जास्त दणकट, त्यामुळे जुन्या गाड्यांतून ते सर्रास बसवलं जातं. इथे केबल जागेवर होती, ब्लॉकला जोडलेली होती, तबकडीचा काटा हलत होता, रिव्हेटवर छेडछाडीची खूण नव्हती. पट्टी जे म्हणत होती तेच ब्लॉक म्हणत होता. तुम्ही वहीत लिहिलंत: इंजिन, बहुधा मूळचं. 'बहुधा' खाली दोन रेघा मारल्यात.

त्या वहीच्या पानाबद्दल लिहायलाच हवं. तीन रकाने: 'कारखान्याचं', 'त्या काळातलं', 'नंतरचं'. चौथा अरुंद रकाना कोरा ठेवलेला, त्याला नाव नव्हतं. मी विचारलं तेव्हा म्हणालात, ठरवता येत नाही ते तिथे जाईल. डिकीवरचं सामानाचं कॅरिअर तिथे गेलं. असलं कॅरिअर त्या काळी विक्रेतेही लावून देत आणि विक्रेत्याने लावलेल्या वस्तूंची नोंद कारखान्याच्या वहीत नसते. मालकांनी बराच आग्रह धरला, तरी तुम्ही ते पहिल्या रकान्यात टाकलं नाहीत आणि तिसऱ्यातही ढकललं नाहीत. जाणकार म्हणवणाऱ्या कितीतरी लोकांना हा चौथा रकाना ठेवायचं धाडस होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाकांपाशी मला वाईट वाटलं, कारण गाडीत मला सगळ्यात आवडली होती ती तीच. तुम्ही मधलं मोठं नट सोडवून एक चाक उतरवलंत आणि आतलं दातेरी तबक दाखवलंत. ते चार बोल्टवर चढवलेलं होतं. कारखान्यातून तारांची चाकं घेऊन आलेल्या गाडीला दातेरी हब अंगचाच असतो. म्हणजे ही गाडी साध्या लोखंडी चाकांवर जन्मली. मागचा ॲक्सल मात्र बरोबर होता, मधोमध गोल फुगीर पोट असलेला, रोडस्टरला १९६७ पर्यंत येत असे तो. सीट मागे रेलणाऱ्या, म्हणजे नंतरच्या गाडीतून आणलेल्या. वीज तयार करणारा अल्टरनेटर नंतरचा. मुळात डायनॅमो असणार, सीटमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि अर्थिंग पॉझिटिव्ह. तुमचं पेन सरसर तिसऱ्या रकान्यात चाललं होतं आणि मालकांचा चेहरा उतरत होता.

आणि मग रंग. "हा हिरवा मूळचा," मालक म्हणाले, तेही जरा हळू आवाजात. तुम्ही परवानगी मागून दाराच्या आतलं अस्तर सोडवलंत. आत फिका निळा. सीटमागच्या बॅटरीच्या झाकणाभोवती निळा. डिकीच्या कडेच्या अस्तरामागे निळा, डॅशबोर्डच्या पाठीमागे हात जेमतेम जाईल अशा जागी निळा. आयरिस ब्लू, तुम्ही ओळखलात. सुरुवातीच्या वर्षांतला एमजीबीचा रंग. फक्त डाव्या पुढच्या मडगार्डच्या आत निळ्याचा मागमूस नव्हता, हिरव्याखाली थेट करडा प्रायमर. एमजीबीची पुढची मडगार्डं बोल्टवर असतात, तेवढं एक कधीतरी बदललेलं.

मालक म्हणाले, झालं, म्हणजे हेही खोटं निघालं. तेव्हा तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवून जे सांगितलंत ते मला त्यांच्याइतकंच लागलं. हिरवा मूळचा नाही, बरोबर. पण दाराच्या पोटात, डॅशबोर्डच्या पाठीमागे, कुणी कधी बघणार नाही अशा बंद जागांत त्या काळचा निळा आहे. नवी बॉडी आणून हिरवी रंगवली असती तर तो तिथे आला कुठून असता? म्हणजे हा पत्रा स्विंडनचा, १९६४ चा. एक दावा ज्या रंगाने पाडला त्याच रंगाने गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. तोवर मी रकान्यांतल्या खुणा बेरीज-वजाबाकीसारख्या मोजत होते. एक पुरावा दोन प्रश्नांना वेगवेगळं उत्तर देऊ शकतो हे तिथे उमगलं.

तुम्ही पान पूर्ण करून, तारीख टाकून, सही करून मालकांना दिलंत आणि मगच गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला सांगितलंत. अर्ज मालकाच्याच नावाने करावा लागतो. कारखान्याच्या जुन्या नोंदवह्या तिथे जपलेल्या आहेत. आधी वही, मग प्रमाणपत्र, हा तुमचा क्रम. उत्तर आधी कळलं की डोळे तेवढंच शोधतात, म्हणून. प्रमाणपत्र आलं. मार्च १९६४. रंग आयरिस ब्लू. इंजिन नंबर तोच. जादा वस्तूंमध्ये हीटर आहे, तारांची चाकं नाहीत, ओव्हरड्राइव्ह नाही. तुम्ही मात्र फोनवर पहिलं वाक्य बोललात ते कॅरिअरबद्दल: "त्यात नोंद नाही ना? मग कॅरिअर चौथ्यातच राहू दे."

किंमत उतरली, पण मालकांनी स्वतःहून उतरवली. तुम्ही भाव पाडायला आलेले नाही हे त्यांना दिसलं होतं. उलट ॲल्युमिनियमचं बॉनेट, मूळ इंजिन आणि मूळ पत्रा यांचं मोल त्यांनी कमी लावू नये म्हणून तुम्हीच त्यांच्या बाजूने बोललात. असा मध्यस्थ दोन्ही पक्षांना लाभणं हे भाग्य आहे.

घेतल्यावर मी ओव्हरड्राइव्ह काढून टाकायला निघाले, 'मूळ रूपात' आणायच्या उत्साहात. तुम्ही थांबवलंत. तिसऱ्या आणि चौथ्या गिअरवर तो इंजिनाचे फेरे पाचवा हिस्सा कमी करतो, मोटरवेवर इंजिनाचं आयुष्य वाढवतो, आणि गिअरबॉक्स त्याच काळातला आहे. मधल्या रकान्यात लिही आणि वापर. रंगाबद्दल मात्र तुम्ही शब्द काढला नाहीत, मी विचारूनही. मी ठरवलं आहे, काका: हिरवाच राहील. कुणीतरी कधीतरी आवडीने दिलेला तो रंग आहे, चांगला टिकलाय, आणि खालचा निळा त्याने झाकून का होईना जपला आहे. तारांची चाकंही राहतील. विकायची वेळ आलीच तर तुमचं पान आणि प्रमाणपत्र गाडीबरोबर जाईल.

तुमच्या या पद्धतीचा आता पुण्यातही उपयोग होतोय, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. माझ्या मावसभावाकडे जुनी स्टँडर्ड हेराल्ड आहे, म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली बहीण, चार दारांची. जुलै २०२१ च्या नियमांनुसार भारतात ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी होते, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. त्याला कुणीतरी घाबरवलं, की इंग्लंडमधल्या ट्रायम्फ हेराल्डला दोनच दारं असतात, तुझी गाडी कापून जोडलेली दिसते. मी त्याला तुमचाच प्रश्न विचारला, कोणती हेराल्ड, कुठली, कधीची? इंग्लंडमध्ये चार दारांची हेराल्ड सलून झालीच नाही. ती मद्रासच्या कारखान्यानेच काढली. म्हणजे त्याची चारही दारं पहिल्या रकान्यात. आता तो अस्तरं सोडवून आतला रंग बघतोय आणि फोटो पाठवतोय. काही फोटो मला उलगडत नाहीत. ते घेऊन येत्या रविवारी तुमच्याकडे येते, त्याचा फोन लावून देईन. त्याला तुमच्याशी बोलायचंच आहे.

तुम्ही माझ्यासाठी दिलेला वेळ, गुडघे दुखत असताना गाडीखाली सरकलात ते, आणि एकदाही "मी सांगतो म्हणून" असं न म्हणता प्रत्येक गोष्ट मला हात लावून बघायला लावलीत, याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
रेडिंगची पुतणी