बाळाच्या पांढऱ्या अंगरख्याविषयी

जालना

तीर्थरूप आई व बाबा यांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर "लेकराला पांढरं घालू नकोस" एवढेच बोलून आई गप्प झाली, ते मनातून जात नाही. माझ्या लग्नातल्या पांढऱ्या साडीवरून जे झाले ते मी पुन्हा उगाळत नाही; पण बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, १२ एप्रिलला, ईस्टरनंतरच्या रविवारी ठरला आहे आणि बाळ त्या दिवशी पांढराच अंगरखा घालणार आहे, हे तुम्हांला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहावे असे वाटले.

आई, आपल्याकडे पांढरे कोणाच्या अंगावर येते ते मी विसरलेले नाही. इथे मात्र ते नव्या जन्माचे वस्त्र आहे. बाप्तिस्मा झालेल्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे, असे ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने गलतीकरांना पत्रात लिहिले. प्राचीन काळी ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा घेऊन पाण्यातून बाहेर आलेल्यांना पांढरी वस्त्रे देत आणि ती ते आठवडाभर अंगावर ठेवीत. म्हणून पुढच्या रविवाराला लॅटिनमध्ये पांढऱ्या वस्त्रांचा रविवार असे नाव पडले. आमचा मुहूर्तही नेमका तोच निघाला, हा योगायोग मला आवडला.

सासूबाईंना लेसचा पायघोळ झगा हवा होता. ती विलायती रीत आहे. राणी व्हिक्टोरियाच्या थोरल्या मुलीसाठी १८४१ साली शिवलेला रेशमी झगा त्या घराण्यातल्या बाळांनी २००४ पर्यंत घातला, आणि तो विरल्यावर तसाच दुसरा करून घेतला. आपल्या घरातली पैठणी तरी कुठे याहून वेगळी आहे! पण एप्रिलच्या उन्हात लेस बाळाला टोचेल, घामोळे येईल, म्हणून मी नको म्हटले. अंगरखा मी बाबांच्या जुन्या धोतराचा शिवला आहे. बाबा, बाळंतपणात लंगोटांसाठी तुम्ही जी धोतरे दिलीत, त्यांतले सगळ्यात मऊ मी फाडलेच नव्हते. सेलूच्या घरात ज्या धोतराच्या झोळीत मी निजत असे, त्याचा वास मला अजून ओळखता येतो. नवे कोरे कापड बाळाच्या अंगाला लागू देऊ नये हे आईचे म्हणणेही त्यात आपोआप पाळले गेले. पायात तुम्ही दिलेले चांदीचे वाळे असतीलच, आणि घरी आल्याबरोबर आईने शिवलेली खणाची कुंची मी स्वतः घालीन.

बाळाला पाण्यात बुडवतील ही भीती काढून टाका. काही ख्रिस्ती मंडळ्यांत मोठ्या माणसांना पूर्ण बुडवतात, आणि त्यांचे झगे जाड कापडाचे असतात, कारण पातळ पांढरे कापड भिजले की अंग दिसते. झगा पाण्यावर तरंगू नये म्हणून काठात वजनेही शिवतात. आमच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, मात्र ओंजळीने कपाळावर तीनदा पाणी घालतात. कोरडे दुपटे मी हाताशी ठेवणार आहे.

आता तुमच्याविषयी. आई, तू तुझे हिरवे इरकलच नेस; कुंकू, मंगळसूत्र सारे असू दे, तुला कोणी काही म्हणणार नाही. बायका तिथे डोक्यावरून पदर घेतात, तो तर तू घेतेसच. बाबा, तुम्ही धोतर आणि कोट घालून या. पुरुष प्रार्थनेच्या वेळी डोके उघडे ठेवतात, पण चारचौघांत तुम्ही टोपी काढत नाही हे मी पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवले आहे. तुम्हांला अवघड वाटले तर ती राहू द्या. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या परिषदेला गेले, तेही पागोटे घालूनच. आपल्या माणसाने आपल्या वेषात यावे, एवढेच मला हवे आहे.

शनिवारच्याच रेल्वेने निघा, रविवारची धावपळ करू नका. बीपीच्या गोळ्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा. आईच्या गुडघ्यांसाठी पुढच्या रांगेत पाठ टेकायची खुर्ची मी सांगितली आहे. इरकलाला या वेळी कडक खळ घालू नका, उन्हात अंगाला चिकटते. आणि येताना बाबांचे आणखी एखादे जुने धोतर घेऊन या. दुपटी कमी पडत आहेत.

तुमची,
ताई