एका खात्यात पंधरा संस्थांचा संसार नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ मी गेली सहा वर्षे सांभाळतो. गेल्या वर्षी एका वाचकाने फोन करून कळवले, की गूगलवर ग्रंथालयाचे नाव शोधून तिथून आत गेले की मोबाइलवर जुगाराचे पान उघडते. आम्ही कार्यालयातील संगणकावर थेट पत्ता टाइप करून पाहिले, तर सारे जागच्या जागी होते. हल्लेखोरांनी घातलेला कोड केवळ गूगलवरून येणाऱ्यांना दुसरीकडे वळवत होता आणि संस्थेतील माणसे त्या वाटेने कधी जात नसल्यामुळे हा प्रकार किती दिवस चालू होता, हे कोणालाच सांगता आले नाही.

आम्ही पासवर्ड बदलले, संकेतस्थळ ज्यावर चालते ती वर्डप्रेस ही प्रणाली नव्याने बसवली. दोन दिवसांत तोच कोड परत आला. पुन्हा साफसफाई केली, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस खोलात गेल्यावर कळले, की संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यावसायिकाने ‘अमर्याद संकेतस्थळे’ चालणारी एकच शेअर्ड होस्टिंग योजना (म्हणजे संकेतस्थळ ठेवण्यासाठी कंपनीच्या सामायिक सर्व्हरवरील भाड्याची जागा) घेतली होती आणि त्या एका खात्यात आमच्यासह पंधरा ग्राहकांचे बस्तान मांडले होते. त्यांतील एका मंगल कार्यालयाचे संकेतस्थळ कैक वर्षे कोणी उघडलेही नव्हते, आणि त्यात ‘फाइल मॅनेजर’ या प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या पूरक प्रोग्रामची) जुनी आवृत्ती तशीच पडून होती. लॉगिन न करताही सर्व्हरवर फाइल चढवता येईल, अशी त्रुटी या प्लगइनमध्ये सप्टेंबर 2020 मध्ये उघड झाली होती. तेव्हा जगभरात सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर ते बसवलेले होते. दुरुस्त आवृत्ती लगेच आली, पण ती घ्यायला मागे कोणीतरी असावे लागते.

शेअर्ड होस्टिंगमध्ये एका सर्व्हरवर शेकडो खाती असतात. प्रत्येक खाते म्हणजे सर्व्हरच्या लेखी एक स्वतंत्र वापरकर्ता, आणि एकाने दुसऱ्याच्या फाइली वाचू नयेत याची व्यवस्था करणे हे होस्टिंग कंपनीचे काम आहे. एकाच खात्यातील संकेतस्थळांना मात्र अशी कोणतीही भिंत नसते. एकात शिरलेला प्रोग्राम उरलेल्या चौदांच्या फाइली त्याच अधिकाराने वाचतो, बदलतो, आणि त्यातील एक साफ केले की शेजारच्यातून पुन्हा तिथे येतो. आमच्या बाबतीत कंपनीचा सर्व्हर फुटलाच नव्हता. चूक खात्याच्या रचनेत होती, आणि लहान गावांतून शाळा, पतसंस्था, ग्रंथालये यांची कामे करताना ही रचना सर्रास वापरली जाते, कारण ती स्वस्त पडते. त्या व्यावसायिकाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. पण पतसंस्थेच्या सभासदांची माहिती मंगल कार्यालयाच्या बेवारस संकेतस्थळाच्या भरवशावर राहते, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

म्हणून संस्थांना माझी विनंती आहे, की होस्टिंगचे खाते स्वतंत्र आणि संस्थेच्याच नावे घ्यावे. डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची, नोंदणीही संस्थेच्या ईमेलवर असावी. वापरात नसलेले प्लगइन केवळ बंद करून ठेवू नयेत, काढून टाकावेत. फुकट मिळणाऱ्या ‘क्रॅक’ केलेल्या (मूळ विकतच्या, पण परवाना तोडून वाटलेल्या) थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या मांडणीचे तयार साचे, कधीही वापरू नयेत, कारण त्यांत चोरवाट आधीच ठेवलेली असू शकते. वर्डप्रेसमध्ये ऑगस्ट 2020 पासून प्लगइन आपोआप अद्ययावत करण्याची सोय आहे, ती चालू करावी. अडचण आली की फाइलींना 777 ही परवानगी देऊन मोकळे होण्याची सवयही सोडावी. तिने सर्व्हरवरील कोणत्याही वापरकर्त्याला त्या फाइलीत लिहिता येते. बॅकअपची एक प्रत त्या सर्व्हरबाहेर ठेवावी. आमची प्रत त्याच खात्यात होती आणि तीही दूषित निघाली.

केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संकेतस्थळावरील अशा घुसखोरीची माहिती तिला सहा तासांत कळवायची असते, तसेच सर्व्हरच्या नोंदी (लॉग) 180 दिवस जपायच्या असतात. आमच्या कार्यकारिणीत हे कोणालाही ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. ग्रंथालय संचालनालयाने आणि सहकार खात्याने आपापल्या संस्थांना एका पानाचे मराठी परिपत्रक पाठवून हा नियम आणि स्वतंत्र खात्याची गरज कळवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक ग्रंथालयाचा कार्यकर्ता, जि. सातारा