यहुदी प्रार्थना केवळ शनिवारची नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत यहुदी उपासनेवर लेख आला. विषय घेतल्याबद्दल आभार, पण ‘यहुदी लोक शनिवारी सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) जमतात आणि त्यांचे पुरोहित प्रार्थना करतात’ या एका वाक्यात दोन चुका आहेत. सामुदायिक प्रार्थना रोजची आहे आणि तीही तीन वेळा: सकाळी शाहरीत, दुपारनंतर मिनहा, रात्री आरवित. पुरोहिताची तर गरजच नाही. पुढे उभा राहून प्रार्थना चालवणारा तो हज्जान. तेरा वर्षे पूर्ण झालेला आणि पाठ नीट वाचता येणारा कोणीही पुरुष ते काम करू शकतो.

अडते ते दहाव्या माणसापाशी. तेरा वर्षांवरील दहा पुरुष जमले की मिन्यान, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला लागणारी किमान संख्या, पुरी झाली (काही आधुनिक पंथांत स्त्रियाही मोजतात, भारतातल्या परंपरेत नाही). नऊ असले तरी प्रत्येकाने आपापली प्रार्थना करायला हरकत नाही. फक्त कदीश (देवाच्या स्तुतीचा पाठ, दिवंगतांसाठीही म्हणतात तो) म्हणता येत नाही, हज्जानला अमीदा (आशीर्वचनांची मुख्य प्रार्थना) मोठ्याने पुन्हा म्हणता येत नाही आणि सोमवारी-गुरुवारी सकाळी होणारे तोराचे, म्हणजे मूळ धर्मग्रंथाचे, वाचनही होत नाही. आईवडिलांच्या मागे मुलगा सुमारे 11 महिने कदीश म्हणतो. त्यामुळे गावात एकटेच कुटुंब असेल तर खरी अडचण तिथे येते. इमारतीवाचून काही अडत नाही, कोणाच्याही घरात दहा जण जमले तरी चालते.

माणसे बोट दाखवून एक-दोन-तीन अशी मोजत नाहीत. बायबलच्या स्तोत्रसंहितेतल्या 28व्या स्तोत्राची शेवटची ओळ हिब्रूत दहा शब्दांची आहे. एकेका माणसावर एकेक शब्द म्हणायचा, ओळ पुरी झाली की मिन्यान पुरे. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, तसाच हा संकोच. हज्जानची मोठ्याने अमीदा सुरू झाल्यावर कोणी उठून गेले, तरी निम्म्याहून अधिक, म्हणजे सहा जण उरले असतील तर ती पूर्ण करता येते. उठून जाणे मात्र दोषाचेच. त्याहून जास्त बिघडते ते लक्ष नसल्याने. नऊ जण ऐकून ‘आमेन’ म्हणत नसतील तर हज्जानचे आशीर्वचन वाया गेल्यासारखेच, असे शास्त्र सांगते. हल्ली मोबाइलने ते रोज घडवायची सोय केली आहे.

दहा जणांना दिवसात तीनदा बोलावणे मोठ्या शहरातही जमत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी मिनहा सूर्यास्ताच्या अगदी आधी घेतात, थोडे थांबतात आणि अंधार पडताच आरवित उरकतात. माणसांची संध्याकाळची फेरी एकच होते.

वेळेचा हिशोब घड्याळाच्या तासाने होत नाही. एका प्रचलित पद्धतीत सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करतात आणि एक भाग म्हणजे एक तास. जळगावला डिसेंबरअखेर दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, तेव्हा हा तास 55 मिनिटांचा. जूनअखेर तोच 67 मिनिटांच्या आसपास जातो. सकाळचा ‘शमा’, म्हणजे देव एकच आहे असे सांगणारा तोरातला पाठ, तिसरा तास संपण्याआधी म्हणायचा. म्हणजे डिसेंबरात साधारण पावणेदहापर्यंत सवड मिळते, जूनमध्ये नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंतच. मुंबईच्या वेळा तशाच उचलल्या तर चूक होते, कारण जळगावला सूर्य काही मिनिटे आधी उगवतो. तोंड यरुशलेमकडे करायचे. खानदेशातून ती दिशा पश्चिमेहून थोडी वायव्येला येते.

आता पावसाचे. अमीदा दोन्ही पाय जुळवून, उभे राहून, पुटपुटत म्हणायची. रोजच्या अमीदात 19 आशीर्वचने असतात. नववे पीकपाण्याचे, आणि त्यात पाऊस मागायचा तो इस्राएलबाहेर 4 किंवा 5 डिसेंबरच्या रात्रीपासून वल्हांडणाच्या सणापर्यंत (मार्च-एप्रिल). खानदेशच्या शेतकऱ्याने हे ऐकले तर तो हात जोडेल! त्या दिवसांत कापसाची वेचणी चालू असते, हरभरा वर आलेला असतो, पडेल तो पाऊस अवकाळीच. पण हे वेळापत्रक आपल्या नक्षत्रांचे नाही, प्राचीन बाबिलोनमधल्या यहुद्यांच्या गरजेवरून ठरलेले आहे. मग मृगात पाऊस हवा असेल तर? तो सोळाव्या आशीर्वचनात मागायचा, कारण तिथे प्रत्येकाला आपली गरज मांडायची मोकळीक आहे. उन्हाळ्यात चुकून नवव्यात पाऊस मागितला आणि अमीदा संपल्यावर लक्षात आले, तर पहिल्यापासून पुन्हा म्हणावी लागते. हिवाळ्यात विसरलात तर सोळाव्यात भरून काढता येते, तिथेही राहिले तर मात्र पुनश्च हरिओम. या दोन ठिकाणी नवखाच काय, मुरलेला हज्जानही अडखळतो.

कुणाला हे प्रत्यक्ष पाहायचे असेल तर खानदेशातून ठाणे (1879), पुण्याचे लाल देऊळ (1867) किंवा अहमदाबाद (1934) इथली सिनेगॉग गाठता येतील. रोजची प्रार्थना सगळीकडे होतेच असे नाही, म्हणून आधी विचारून परवानगी घ्यावी, ओळखपत्र जवळ ठेवावे. पुरुषांनी टोपी किंवा रुमालाने डोके झाकावे. डाव्या दंडावर आणि कपाळाच्या वर केसांच्या रेषेवर बांधलेल्या चामड्याच्या काळ्या डब्या, म्हणजे तेफिलीन, पाहायच्या तर सकाळी जावे आणि शनिवार किंवा सण टाळावा, त्या दिवशी त्या बांधत नाहीत. शनिवारी फोटोही काढू नयेत. आणि कोणी अमीदा म्हणत उभा असेल तर त्याच्या समोरून, निदान दोन मीटरच्या आतून तरी, जाऊ नये.

आपला वाचक,
भुसावळ