नर्सिंगच्या मुलींना व्याख्यान नको, वॉर्डात सोबत हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

12 मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिन जवळ आला की बहुतेक नर्सिंग कॉलेजांत ‘ताणतणावाचे व्यवस्थापन’ या विषयावर एखादं व्याख्यान ठरलेलं असतं. शाल-श्रीफळ होतं, पाहुणे दीर्घ श्वास घ्यायला लावतात आणि समोरच्या निम्म्या मुली आदल्या रात्री केअर प्लॅन (रुग्णाच्या शुश्रूषेचा लेखी आराखडा) लिहीत बसल्यामुळे पेंगत असतात. माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयाचे वॉर्ड सांभाळण्यात गेली. या मुलींच्या कितीतरी बॅच माझ्या हाताखालून गेल्या, त्यामुळे हा ताण येतो कुठून, हे थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षाची मुलगी जेमतेम अठरा-एकोणीसची. अनेकींचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालेलं; इथे ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीची जाडजूड इंग्रजी पुस्तकं. तेही जमवून घेतात बिचाऱ्या. वॉर्डातला पहिला मृत्यू मात्र जमवून घेता येत नाही. मेडिकल वॉर्डात रुग्ण दगावला की बाहेर नातेवाइकांचा आक्रोश चालू असतो आणि आत पडदा ओढून देहाची तयारी करायची असते. डोळे मिटवायचे, नळ्या काढायच्या, हनुवटीखालून पट्टी बांधायची, अंग पुसायचं, कापूस भरायचा, नावाची चिठ्ठी बांधायची. ज्या आजींनी सकाळी ‘पोरी, गाव कुठलं गं तुझं?’ म्हणून चौकशी केली, त्यांचंच हे करायचं. पडद्याबाहेर आल्यावर कानावर पडतं, ‘चला, बेड करून घ्या, नवीन ॲडमिशन आहे.’ त्या दिवशी मेसमध्ये घास उतरत नाही, असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. रात्री जर्नल पूर्ण करायचं असतंच.

त्यावर आजारी पडायचीही सोय नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी पुरते, पण पदवी हातात पडायची तर क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाची, हजेरी 100 टक्के भरावी लागते. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. हात वॉर्डातच तयार होतात. पण बुडालेली ड्युटी सुट्टीत भरून काढावी लागेल या धास्तीने मुली अंगात ताप असताना उभ्या राहतात, त्याचं काय? परिषदेने शिक्षक-विद्यार्थी प्रमाण 1:10 घालून दिलंय. वॉर्डात बघावं तर एकच ट्यूटर तीन मजल्यांवर धावत असते आणि मुली सॅम्पल पोचवणं, ट्रॉली ढकलणं, रजिस्टर भरणं यांत अडकलेल्या. रिकाम्या पदांना लावलेली ही ठिगळं आहेत. मग सलाइन लावताना शीर सापडली नाही की इन्चार्ज सिस्टर रुग्णादेखत पाणउतारा करते. ‘आम्ही नाही का सोसलं?’ हा आमच्या पिढीचा लाडका प्रश्न मला कधीच पटला नाही. ज्या मुलीचा हात भीतीने थरथरतोय, तिने सुई टोचायची ती रुग्णालाच ना?

मुली आपापल्या परीने मार्ग काढतात. लिननच्या खोलीत रडून, तोंड धुऊन बाहेर येतात. आईला फोनवर ‘सगळं बरं आहे’ सांगतात. ड्युटी सुटल्यावर चौघी मिळून चहा पितात आणि सिस्टरांच्या नकला करतात (माझीही करत, मला ठाऊक होतं). या चहाने जितकं निभावतं, तितकं कुठल्याच व्याख्यानाने निभावत नसावं. पण काही वसतिगृहांत आठच्या ठोक्याला फोन जमा करून घेतात आणि दुसऱ्या खोलीत जायलाही मनाई असते. मन मोकळं करायचं कुणाकडे?

सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलंय. दरवर्षी 60 जागा भरणाऱ्या नर्सिंग कॉलेजात चार वर्षांचे मिळून दोनशेच्या वर विद्यार्थी होतात, म्हणजे पळवाट नाही. मानसोपचार परिचर्या शिकवणाऱ्या मॅडमनाच समुपदेशक म्हणून दाखवू नये, एवढी विनंती. ज्यांच्या हाती इंटर्नल मार्क आहेत, त्यांच्यापाशी कुठली मुलगी मन उघडं करील? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तो वसतिगृहाच्या दारावर लावायला तर खर्चही नाही.

आणि वॉर्डात मृत्यू झाला, तर त्या दिवशी ड्युटी संपल्यावर ट्यूटरने त्या मुलीला पंधरा मिनिटं शेजारी बसवून घ्यावं. आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या समित्या तपासणीला येतात तेव्हा खाटा मोजतात, पुस्तकं मोजतात, प्रयोगशाळेतले पुतळेसुद्धा मोजतात. समुपदेशक कोण आहे आणि आठवड्यातून किती तास बसतो, हेही त्यांनी विचारावं, आणि ते प्राचार्यांच्या दालनात न विचारता दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारावं.

आपली,
एक निवृत्त वॉर्ड सिस्टर,
सातारा