अनुभव ग्राह्य नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

गेल्या सोमवारी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) पदाच्या कागदपत्र पडताळणीत माझे कोविड सेवेचे प्रमाणपत्र टेबलावरून परत सरकवण्यात आले. शेरा होता, 'राज्यातील नोंदणीपूर्वीचा अनुभव ग्राह्य नाही.'

मी बेळगावची. शिक्षण कर्नाटकातले, परिचारिका म्हणून नोंदणीही तेव्हा तिथलीच; महाराष्ट्रातली नंतर झाली. २०२०च्या पावसाळ्यात सीमेपलीकडच्या एका जिल्ह्यातून फोन आला, तेव्हा 'आधी या, कागदाचे मागून बघू' असे सांगण्यात आले. आठ महिन्यांची मुलगी आईजवळ ठेवून मी आले. परतले तेव्हा ती मला पाहून आजीच्या पदराआड लपली. मधल्या एकशे चाळीस रात्रींत (डायरीवरून मोजल्या आहेत, दोनचार इकडेतिकडे असतील) ऑक्सिजन लावताना, शीर शोधताना, पहाटे मृताच्या मनगटावर चिठ्ठी बांधताना माझी नोंदणी कोणत्या राज्याची, हे एकाही नातेवाइकाने विचारले नाही आणि साहेब, आपल्या खात्यानेही नाही. रुग्णाला चाललेला हात आता समितीला चालत नाही.

२४ मे २०२० रोजी याच राज्याने केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागितल्या होत्या, परिचारिकेला महिना तीस हजार देण्याची तयारी दाखवून. ३ मे २०२१ रोजी केंद्राने जाहीर केले की शंभर दिवस कोविड सेवा करणाऱ्यांना नियमित सरकारी भरतीत प्राधान्य मिळेल. माझे शंभर दिवस त्याआधीच भरले होते. बहुधा माझीच घाई झाली.

आपल्या हाती तेव्हा होता १८९७चा साथरोग कायदा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केलेला, चार कलमांचा. लोकांना तपासायचे, अडवायचे, शिक्षा करायची, एवढे त्यात आहे. परराज्यातली परिचारिका रात्रपाळीला उभी राहिली तर तिची नोंदणी काय समजावी, याबद्दल अक्षर नाही. २०२०च्या दुरुस्तीने आमच्यावर गंभीर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठरली. म्हणजे मला मारणारा कायद्याला दिसतो, मी तिथे काम करीत होते हे दिसत नाही. अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर, २००६ साली, परराज्यातून मदतीला येणाऱ्या आरोग्यसेवकांच्या परवान्यांसाठी नमुना कायदा लिहिला गेला आणि तो काही राज्यांनी स्वीकारलाही. आपल्याकडे टाळ्या आणि थाळ्या झाल्या, मग अकरा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीचे आदेश, एका दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. सरकारचे हे गणित साथीआधीही असेच होते, फक्त तेव्हा आमच्यावर फुले उधळली जात नव्हती.

साथ जाहीर होताच परराज्यातील वैध नोंदणी ठरावीक मुदतीपर्यंत आपोआप ग्राह्य धरावी, परवानगीच्या कामाची मर्यादा लिहून द्यावी आणि त्या मुदतीतला प्रत्येक दिवस सेवा म्हणून मोजावा, एवढा कायदा विधिमंडळात आणावा. आणि तोवर निदान माझ्यासारख्यांचे शेरे मागे घ्यावेत. हरकत नोंदवण्याची मुदत शुक्रवारी संपते आहे.

आपली,
दोन राज्यांत नोंदणी असलेली एक परिचारिका