गांजा खुला झाला, टोळ्या तशाच

‘अमली पदार्थ कायदेशीर करा, टोळ्या आपोआप संपतील’ असा सूर लावणारा मेक्सिकोविषयीचा लेख वाचला. मुद्दा निम्माच पटला. २०१२मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी सार्वमताने गांजा खुला केला. पुढे आणखी राज्ये त्याच वाटेने गेली आणि मेक्सिकोतून येताना सीमेवर पकडला जाणारा गांजा खूपच घटला. म्हणजे टोळ्यांचे एक गिऱ्हाईक तुटले, हे खरेच. तरीही २०१८ ते २०२२ या काळात मेक्सिकोत दरवर्षी ३० हजारांहून अधिक खून झाले. टोळ्या फेंटानिल (प्रयोगशाळेत बनणारा जहाल अमली पदार्थ), इंधनचोरी आणि खंडणीकडे वळल्या होत्या. मिचोआकान प्रांतात तर अव्होकॅडोच्या बागायतदारांनाही हप्ता द्यावा लागतो. फेब्रुवारी २०२२मध्ये तिथे एका अमेरिकी निरीक्षकाला धमकी आली, तेव्हा अमेरिकेने काही दिवस तिथल्या अव्होकॅडोची आयातच थांबवली. अव्होकॅडो काय अमली पदार्थ आहे? खून पचत असेल, तर कोणत्याही मालावर हप्ता बसवता येतो. गांजा खुला करण्याला माझा विरोध नाही. ओढणाऱ्याला तुरुंगात डांबून काही साधत नाही. मात्र खुनांचा तपास आणि शिक्षा यांबद्दल लेखात एक ओळही नाही, आणि अमेरिकेतून चोरट्या मार्गाने येणाऱ्या बंदुकांबद्दलही नाही.

– एक वाचक