जाळे हरवले, हे सांगायची सोय हवी

महोदय,

प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि पिशव्यांवरचा आपला अग्रलेख वाचला. समुद्रावरच्या त्या लेखात मासेमारीच्या जाळ्यांबद्दल एक ओळही नाही, म्हणून हे पत्र.

माझी सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये झाली. पाण्यात सुटलेले जाळे आम्हाला डोळ्यांनी दिसत नाही. प्रोपेलरला गुंडाळले की तो फिरवणारा शाफ्ट थरथरू लागतो, तेव्हा कळते. दोर घासून तापतो, वितळतो आणि शाफ्टभोवतीच्या, तेल अडवून धरणाऱ्या सीलमध्ये शिरतो. सील फाटले की तेलगळती सुरू. ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियाची एक छोटी पाणबुडी सुमारे १९० मीटर खोलीवर अशाच जाळ्यांत अडकली. आतली सात माणसे वाचली ती ब्रिटिश यंत्रमानवाने वेटोळे कापले म्हणून.

‘दरवर्षी ६ लाख ४० हजार टन जाळी समुद्रात’ हा आकडा सगळीकडे फिरतो. तो जुना, ढोबळ अंदाज आहे. मी तो वापरत नाही. २०२२ च्या एका अभ्यासात सात देशांतल्या ४५० मच्छीमारांना थेट विचारले गेले. त्यावरून निघालेला अंदाज असा की, जगभरच्या मासेमारी साहित्यापैकी जवळपास २ टक्के दरवर्षी हरवते. त्यात लाँगलाइनच्या (शेकडो गळ लावलेल्या लांब दोरीच्या) मुख्य दोऱ्याच ७ लाख ३९ हजार किलोमीटर, म्हणजे चंद्रावर जाऊन जवळजवळ परत येण्याइतक्या. पॅसिफिकमधल्या कचरापट्ट्यातही वजनाने निदान ४६ टक्के वाटा जाळ्यांचाच निघाला, आणि तोही फक्त तरंगणाऱ्या कचऱ्यात. पॉलिप्रोपिलीन तरंगते, नायलॉन बुडते. तळाशी गेलेले गिलनेट (माशांना कल्ल्यांत अडकवणारे उभे जाळे) मालक नसतानाही मासे धरत राहते, त्याची मोजदाद कोण करणार?

कायदा नाही असे नाही. समुद्रात प्लास्टिक टाकायला मार्पोल या जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. कचऱ्याची नोंदवही मात्र पूर्वी ४०० टनेज (जहाजाच्या आकाराचे माप) आणि त्यावरच्या जहाजांना सक्तीची होती, मे २०२४ पासून ती मर्यादा १०० वर आली. बहुतेक मासेमारी नौका त्याहूनही लहान. शिवाय जाळे हा मच्छीमाराचा मोठा खर्च. तो हौसेने टाकत नाही. वादळात तुटते, खडकात अडकते, दुसऱ्याचा ट्रॉलर वरून जातो. जीर्ण झालेले बंदरावर उतरवायचे तर पैसे मोजावे लागतात, तेव्हा मात्र काही जण ते रात्री पाण्यात सोडतात. हे मी नाकारत नाही.

नॉर्वेत हरवलेले जाळे कळवावे लागते, आणि १९८० च्या दशकापासून तिथले सरकार दरवर्षी बोट पाठवून अशी जाळी तळातून ओढून काढते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या बंदर नियमांत जाळ्यात आलेला परका कचरा उतरवायला वेगळे शुल्क नाही. पाण्यात आपोआप कुजणाऱ्या जाळ्यांची चर्चा बरीच होते, पण नॉर्वेतल्या चाचण्यांत त्यांत मासे कमी लागले. कमी मासे देणारे जाळे कोण विकत घेईल? त्यापेक्षा कळवणाऱ्याला दंडाची भीती नको आणि जुने जाळे फुकट उतरवून घ्यावे, एवढे आधी व्हावे. स्ट्रॉवर लिहिलेत, आता यावरही एक अग्रलेख लिहावा, ही विनंती.

– एक निवृत्त मरीन इंजिनीअर